चार वाजताची रेषा

रेषा सरळ होती. किती सरळ, तर मागाच्या बीमवर ताणलेल्या सुतासारखी. हेमलता मुरदंडेनं घसा खाकरला, पदर सारखा केला आणि परत एकदा म्हटलं, "अहो, मी बोलतेय. हेमा."

टॅबवरची हिरवी रेषा ढिम्म हलली नाही.

समोर खुर्चीत तिचे मालक बसलेले. रेवणसिद्ध मुरदंडे, वय बहात्तर, डोक्याला ती राखाडी पट्टी. कंपनीनं पट्टीला काहीतरी भारी नाव ठेवलं होतं, पण ती इचलकरंजीत आली आणि आठ दिवसांत तिचं 'मुंडासं' झालं. ज्याच्या घरात विसराळू म्हातारं माणूस, त्याच्या घरात मुंडासं. डोक्यावर बांधायचं, आणि आत मेंदूत काय चाललंय त्याची रेषा टॅबवर बघायची, इतकं सोपं.

"काकू, नाव घेऊन हाक मारा की," डॉक्टर सायली बरगाले म्हणाल्या. तिशीतली मुलगी, सांगलीच्या मेंदू केंद्रातून खास घरी आली होती, कारण केंद्रात नेलं की रेवणसिद्ध दारातच हातपाय ताठ करायचे.

"नाव घेऊन?"

"हो. घरी मारता तशी."

आता घरी कुठं मारत होती? पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नाव घेतलं ते उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. अडुसष्टाव्या वर्षी हेमाच्या कानशिलांवर लाली आली. तिनं डोळे मिटले आणि कुरियरवाल्यानं पत्ता विचारावा तसं एका दमात म्हणून टाकलं, "रेवणसिद्ध मुरदंडे!"

सूतच ते. सरळ.

केदारनं, म्हणजे मुलानं, पुण्याहून फोनवर हाक मारली होती तेव्हा रेषेला वाटाण्याएवढा उंचवटा आला होता. धाकट्या दिराच्या हाकेला मुगाएवढा. समोरच्या किराणावाल्याच्या हाकेलासुद्धा काहीतरी थरथरलं होतं! आणि हेमाला शून्य. डॉक्टर नुसत्या हसल्या, आणि ते हसणं हेमाला रेषेपेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात बाहेरचं फाटक वाजलं.

"ए रेवण्याऽऽ! आहेस का घरात?"

काय आवाज होता राव! खिडकीची काच हलली. आणि टॅबवर? टॅबवर डोंगर उभा राहिला. एक नाही, तीन, एकापाठोपाठ एक. डॉक्टर सायली खुर्चीतून अर्ध्या उठल्या. रेवणसिद्धांनी मान वळवली, सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून मान वळवली, आणि दाराकडे बघून म्हणाले, "शाली, गणिताचं केलंस? मला दाखव."

दारात शालिनी तोडकर. पीटीची रिटायर मास्तरीण, गळ्यात अजून शिट्टी अडकवल्यासारखी चाल. याच गल्लीत लहानाची मोठी झालेली, रेवणसिद्धांच्या वर्गातली. नवरा वारल्यावर दोनच महिन्यांपूर्वी भावाकडे राहायला परत आलेली, आणि आज सहज जुन्या मित्राला बघायला आली होती. सहज!

"अय्या, ओळखलं की यानं," शालिनी म्हणाली. "वैनी, तुम्ही तर म्हणत होता कुणालाच ओळखत नाही."

हेमा टॅबकडे बघत होती. डोंगर हळूहळू उतरत होता. तिला वाटलं, सवत सवत म्हणतात ती अशी असते तर. हिरव्या रंगाची, काचेच्या आत.

*

डॉक्टरांनी मग सगळं नीट समजावून सांगितलं, चहा पीत पीत.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक ठोक्यांनी बोलतात. हजारो पेशींचे ठोके एका तालात पडले की त्याची लाट तयार होते, ती आपल्याला डोक्यावरून मोजता येते. धडधाकट माणूस डोळे मिटून शांत बसला की सेकंदाला साधारण दहा लाटा. काकांच्या पाच. या आजारात आधी लाट मंदावते. मेंदूचा तो भाग जागेवरच असतो बरं का, स्कॅनमध्ये चांगला भरलेला दिसतो, पण त्याचं काम थांबलेलं. आणि मग काही महिन्यांनी तो सुकायला लागतो. एकदा सुकला की गेला."

हेमानं जरा विचार केला. "म्हणजे बंद पडलेला माग वेगळा आणि भंगारात घातलेला माग वेगळा."

"अगदी तसंच! बंद माग चालू करता येतो. आपल्याला भंगारवाला यायच्या आत पोहोचायचंय."

हे हेमाला पटकन कळलं, कारण घराच्या मागच्या अंगाला त्यांची स्वतःची शेड होती. आठ माग. सहा वर्षांपूर्वी भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि एका सकाळीत आठही घेऊन गेला, तेव्हा रेवणसिद्ध दिवसभर त्या रिकाम्या फरशीवर उभे होते. त्यांचं विसरणं तिथूनच सुरू झालं असं हेमाला वाटायचं. अजूनही ते दिवसभर शेडमध्येच खुर्ची टाकून बसत, तेलाचे काळे डाग पडलेल्या भिंतीकडे तोंड करून.

"मुंडासं काय करतं," डॉक्टर पुढं म्हणाल्या, "झोपलेला भाग स्वतःहून जरासा हलला की नेमक्या त्या क्षणी बाहेरून बारीकसा करंट देतं. झोका देतो ना आपण, पाळणा आपल्याकडून निघाला की मागून हळूच ढकलायचं. तसं. पण पाळणा आधी हलायला तर पाहिजे! तो हलतो ओळखीच्या आवाजानं. रेकॉर्डिंग चालत नाही, दोन दिवसांत मेंदू त्याला कंटाळतो. माणूसच लागतं समोर, जिवंत. रोज चाळीस मिनिटं, तीन महिने." आणि मग त्या शालिनीकडे वळल्या. "मॅडम, तुम्हाला जमेल का?"

"न जमायला काय झालं? मला काय घरी शेवया वळायच्यात?" शालिनी म्हणाली. "किती वाजता येऊ, वैनी?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "काकांचा मेंदू कधी जागा असतो? दुपारी चारला रेषा बरी असते त्यांची."

चार. मुरदंड्यांच्या घरी चार म्हणजे चहाची वेळ. पंचेचाळीस वर्षं तीच.

"या चारला," हेमा म्हणाली. तोंडात कारल्याचा रस धरून बोलावं तसं.

*

पहिला आठवडा हेमानं स्वयंपाकघरात काढला. शेडमध्ये जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण कान कुठं ठेवणार? शालिनी तर कुजबुजायची ते चार घरं ओलांडून जायचं.

"ए रेवण्या, हेडसरांच्या सायकलची हवा कुणी सोडली रे?"

"तू!"

"मी? आणि उठाबशा कुणी काढल्या?"

"मी काढल्या. तुझं नाव नाही सांगितलं मी!"

आणि हसणं. रेवणसिद्धांचं हसणं! हेमानं ते शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. फोडणीत मोहरी जळून काळी झाली, तरी आठवेना.

आणि वाईट काय सांगू, ते नटायला लागले. पावणेचार झाले की खिशातून कंगवा काढायचे, कपाळावरचे चार केस पाणी लावून बसवायचे. एक दिवस हेमाला म्हणाले, "ओ बाई, जरा पावडर द्या." ओ बाई! घरात कामाला ठेवलेल्या बाईला म्हणावं तसं. तिनं पावडरचा डबा दिला. दिला, आणि आत येऊन भांड्यांवर राग काढला.

शालिनी दहाव्या दिवशी बोरं घेऊन आली. बाराव्या दिवशी नवी पोपटी साडी नेसून आली. हेमानं मोजायला घेतलं तर साडी रोज वेगळी होती. या वयात? भावाकडे राहणारीला? बरं, चहा दिला की शालिनी कप तोंडाला लावून म्हणायची, "वैनी, साखर संपलीय का हो?"

"मधुमेहाचं वय आपलं, शालिनीबाई," हेमा गोड आवाजात म्हणायची. साखर तेवढी आवाजातच.

पण रेषा वर चढत होती. ते नाकारता कसं येईल? लाटा पाचावरून सहावर आल्या, सहावरून साडेसहा. चाळिसाव्या दिवशी रेवणसिद्धांनी स्वतःच्या हातानं शर्टाची बटणं लावली. केदार फोनवर रडला. "आई, शालिनीआत्तीचे पाय धुऊन पाणी प्यायला पाहिजे," म्हणाला.

"पी की," हेमा म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

त्याच दिवशी घडलं ते. हेमा चहाचा ट्रे घेऊन शेडमध्ये गेली. रेवणसिद्ध शालिनीला म्हणत होते, "शाली, माझं लग्न ठरवायलेत घरचे."

"होय? पोरगी कशी आहे?"

"कुणाला माहीत." त्यांनी खांदे उडवले. "कुणीतरी आहे. इस्लामपूरकडची."

हेमा इस्लामपूरची.

शालिनीनं पटकन तिच्याकडे बघितलं आणि काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, पण ट्रे टेकवून हेमा निघूनसुद्धा गेली होती. कुणीतरी आहे! त्या तुझ्या आठ मागांसाठी सुताच्या कांड्या कुणी भरल्या रे? तुझ्या आईचं अंथरूण तीन वर्षं कुणी काढलं? आणि तिचा एक डोंगर नाही रेषेवर, एक टेकाड नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच हेमा फाटकात जाऊन उभी राहिली.

"शालिनीबाई, डॉक्टरांचा फोन होता. महिनाभर विश्रांती द्या म्हणाल्या. मेंदू दमतो म्हणे."

"अस्सं? बरं. मग मी नुसतीच बसू का त्याच्याजवळ?"

"नको. काही नकोच."

 शालिनीच्या हातात पुडी होती, भाजलेल्या शेंगांची. ती तिनं फाटकावरून हेमाकडे दिली आणि गेली.

आणि हेमानं काय करावं? तिनं स्वतः खुर्ची टाकली. रोज चारला. मुंडासं बांधलं आणि बोलायला लागली. लग्नाचं बोलली, केदारच्या जन्माचं बोलली, जोतिबाला गेले होते ते बोलली. हळू बोलली, मोठ्यानं बोलली, शालिनीसारखा आवाज काढून 'ए रेवण्या'सुद्धा म्हणून बघितलं, आणि स्वतःचीच शरम वाटून इकडंतिकडं बघितलं. तिला वाटायचं, आज नाही तर उद्या. त्या बाईचं चाळीस दिवसांत झालं, मी तर बायको आहे. टॅबवरची रेषा रोज तशीच, ताणलेल्या सुतासारखी. पाळणा हलेना, म्हणून मुंडासं ढकलेना.

आठव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "काकू, रेषा पडलीय. काय झालं?"

"शालिनीबाई बेळगावला गेल्यात. लेकीकडं."

"लवकर बोलवा हो त्यांना. हा काळ फार नाजूक आहे."

"आल्या की सांगते."

सव्वीस दिवस. सव्वीस दिवस हेमा हे खोटं रोज नवं शिवून अंगावर घालत होती.

*

स्कॅनला सांगलीला नेलं तेव्हा केदार आला होता, बापाला त्यानंच हाताला धरून आत नेलं. नंतर तो त्यांना घेऊन गाडीत बसला आणि डॉक्टर सायलींनी हेमाला एकटीला खोलीत घेतलं. पडद्यावर दोन चित्रं शेजारीशेजारी होती, अक्रोडाच्या गरासारखी.

"हा उजव्या कानाच्या वरचा, पुढचा भाग. ओळखीचे आवाज इथं ओळखले जातात. हे तीन महिन्यांपूर्वीचं. आणि हे आजचं."

हेमाला चित्रातलं काय कळणार? पण कळलं. एका जागी काळोख जरा जास्त होता. करंगळीच्या नखाएवढा.

"सुकला?"

"हो."

"परत..."

"नाही, काकू."

"मी... त्या महिन्यात ते झालं नसतं, तर?"

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं की नव्हतं, कोण जाणे. "खात्रीनं नाही सांगता येत. आजार आहे तो, कदाचित गेलाच असता. पण सेशन चालू होते तोपर्यंत लाट टिकून होती, एवढं मला दिसतंय."

भंगारवाला आला होता. आणि फाटक हेमानंच उघडलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी तीन वाजता हेमा शालिनीच्या भावाच्या घरी गेली. शालिनी अंगणात कुंडीतली माती उकरत होती. हेमानं चप्पलसुद्धा काढली नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. विश्रांतीचं खोटं, बेळगावचं खोटं, नखाएवढा काळोख. सांगून झालं तसं तिला वाटलं, आता ही ओरडेल. गल्ली गोळा होईल. होऊ दे.

शालिनी ओरडली नाही. हात झटकले आणि पायरीवर बसली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "डॉक्टर असा निरोप तुझ्याकडनं कशाला देतील, माझा नंबर आहे की त्यांच्याकडं." अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. "पण मी का नाही भांडले, सांगू? भांडायचं तोंड नव्हतं मला, तुझाच हेवा वाटायचा."

"माझा? का म्हणून?"

"अगं, मला बघून तो शाळेत जातो. पंधरा वर्षांचा होतो. रोज तीच सायकल, त्याच उठाबशा. मला एवढंच येतं त्याचं. पुढचं सगळं आयुष्य तो तुझ्याजवळ जगला. मी नवरा गेल्यावर रिकाम्या घरात बसलेली बाई, मला तुझ्या घरात चहाच्या वासानंसुद्धा कसंतरी व्हायचं. म्हणून तर रोज साडी बदलून यायचे. कुठंतरी जायचंय असं वाटायला पाहिजे ना."

हेमा खाली बसली.

"पण मला एक कळत नाही," शालिनी म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं! तुझा आवाज त्याच्या मेंदूत नाही म्हणजे काय? तुम्ही बोलत होता तरी काय एकमेकांशी?"

"बोलणार कुठं?" हेमा म्हणाली. "आठ माग सुरू असायचे. पहाटेपासून रात्रीपर्यंत. शेडमध्ये शेजारी उभं राहून बोंबललं तरी ऐकू यायचं नाही. हातानं बोलायचो, ओठ बघून बोलायचो. रात्री आत आले तरी त्यांच्या कानात माग चालूच असायचे, जेवायचे आणि झोपायचे."

"मग जेवायला, चहाला हाक कशी मारायचीस?"

"हाक कशाला मारू? बल्ब होता की," हेमा म्हणाली. "त्यांच्या मागासमोरच्या भिंतीवर लाल झिरोचा बल्ब लावला होता त्यांनी, आमच्या लग्नानंतरच. बटण स्वयंपाकघरात, चुलीच्या शेजारी. दोनदा लावला की चहा. तीनदा लावला की जेवण. लावून ठेवला की कुणीतरी आलंय. दोनदा लावला की ते मागं न बघता असा हात वर करायचे, पाच बोटं. पाच मिनिटांत आलो..."

तिचं बोलणं तिथंच थांबलं. वर केलेला हातही तसाच राहिला, पाच बोटं पसरलेला.



"उठ!" शालिनी अशी ओरडली की शेजारचं कुत्रं पळालं. "उठ, स्कूटर काढते!"

*

घरी आल्याआल्या हेमा चुलीजवळच्या त्या काळ्या बटणापाशी धावली. केदार दोनदा म्हणाला होता काढून टाकू म्हणून, राहून गेलं होतं. दाबलं. काही नाही. बल्ब कधीचा मेलेला.

मग सुरू झाली वरात. एकाहत्तर वर्षांची शालिनी पुढं, अडुसष्टची हेमा मागं. पहिला दुकानदार म्हणाला, "झिरोचा बल्ब? मावशी, माझ्या आजोबांना विचारायला पाहिजे." दुसरा म्हणाला, मोबाईलवरनं रंग बदलणारा आहे, देऊ का? तिसऱ्यानं डोकं खाजवलं, माळ्यावर चढला आणि गणपतीच्या डेकोरेशनचं जुनं खोकं खाली आणलं. धुळीत माखलेले पिवळे, हिरवे, निळे आणि तळाशी एकच लाल.

चारला दहा कमी असताना त्या शेडमध्ये शिरल्या. रेवणसिद्ध खुर्चीत, भिंतीकडे तोंड. केस विस्कटलेले.

शालिनी दारातच थांबली. दम लागला होता, तरी छाती भरून घेतली तिनं आणि हाक मारली. तीच ती काच हलवणारी.

"ए रेवण्याऽऽ!"

रेवणसिद्धांनी वळून बघितलं. मोठा आवाज झाला म्हणून बघितलं, एवढंच. मग अदबीनं जरासे पुढं झुकले.

"कोण पाहिजे आपल्याला?"

 हेच तर हवं होतं ना हेमाला? रात्ररात्र हेच मागितलं होतं. आता समोर शालिनीचा चेहरा होता, आणि तो बघवत नव्हता.

"कुणी नाही, दादा," शालिनी हळू म्हणाली. इतकं हळू तिला बोलता येतं हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. "बल्ब लावायला आलेय."

आणि खरंच तिनं स्टूल ओढलं आणि चढली.

"पडशील! उतर खाली!"

"गप गं. तीस वर्षं पोरांना दोरावर चढवलंय." तिनं पदरानं होल्डर पुसला, लाल बल्ब फिरवून बसवला. उतरताना तिचे डोळे ओले होते, पण ते धुळीनंही असतील. "आण ते मुंडासं. रेषा मी बघते. तू जा आत."

हेमा स्वयंपाकघरात गेली. बटणावर बोट ठेवलं. बोटाला हे काम पाठ होतं. तिनं दाबलं. सोडलं. दाबलं. सोडलं.

शेडमध्ये शांतता.

आणि मग शालिनीचा आवाज, काच हलवणारा, "वैनीऽऽ! डोंगर! अगं, माझ्यापेक्षा मोठा!"

हेमा धावत दारात आली. रेवणसिद्ध भिंतीकडेच बघत होते, मागं वळले नव्हते. पण त्यांचा डावा हात वर होता. पाच बोटं पसरलेली.

पाच मिनिटांत आलो.

*

डॉक्टर सायली फोनवर नुसत्या किंचाळायच्या बाकी होत्या. "आम्ही गाढव आहोत, काकू! अख्ख्या गावात सगळ्यांचे आवाज गोळा करत फिरतोय, आणि हे मागवाल्यांचं गाव!" मग जरा दम घेऊन त्यांनी सांगितलं, की बघितलेलं ओळखायची जागा डोक्याच्या पार मागच्या बाजूला असते, हा आजार तिथं सगळ्यात शेवटी पोहोचतो. काकांची तिथली लाट अजून साडेआठ होती. आता मुंडासं तिथून ढकलायला लागेल. किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, पण बंद पडलेले शेजारचे भाग त्याच्या जोरावर काही काळ तरी हलत राहतील. सुकलेला मात्र परत येणार नाही.

"आवाजाचा," हेमा म्हणाली.

"हो. तो नाही."

त्या रात्री केदारला हेमानं फोनवर सगळं सांगितलं, बेळगावसकट.  तो एवढंच म्हणाला, "आई, जेवलीस का?" ते तिला शिव्यांपेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना फाटक वाजलं नाही. हेमानं खिडकीतून बघितलं तर शालिनी बाहेर उभी. हात फाटकावर, आत यावं की नाही अशी. साडी कालचीच.

"आत ये की," हेमा म्हणाली.

"कशाला? मला बघून त्याला काही होत नाही आता. तुझं चाललंय ना, चालू दे. मी आपली..."

"ये म्हटलं ना."

तिनं शालिनीला हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात आणलं. चुलीवर चहा उकळत होता. आलं घातलेला, आणि साखर तीन माणसांची, नीट मोजून, बारीकशीसुद्धा कमी नाही. शेडच्या दारातून रेवणसिद्धांची पाठ दिसत होती. मुंडासं बांधलेलं, हात मांडीवर.

घड्याळात चार झाले.

हेमानं शालिनीचं बोट धरलं आणि त्या काळ्या बटणावर नेऊन ठेवलं. सोडताना तिच्या काळजातून काहीतरी सर्रकन सुटून गेलं, ताणलेलं सूत तुटावं तसं. पंचेचाळीस वर्षांत त्या बटणाला घरातल्या दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपला नव्हता. सासूलासुद्धा नाही.

"मी?" शालिनी म्हणाली.

"दोनदा दाब. घाई करू नको, मध्ये एक श्वास सोड."

शालिनीनं दाबलं. शेडमधली भिंत लाल झाली, विझली. परत लाल झाली, विझली.

रेवणसिद्धांचा हात वर गेला. पाच बोटं.

शालिनी भिंतीला टेकली, तोंडावर पदर घेतला आणि रडत रडत हसायला लागली. हेमानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. एकदाच. मग चहा गाळला, तीन कप ट्रेमध्ये ठेवले, आणि शालिनी मदतीला पुढं आली तसा तिनं ट्रे झटकन स्वतःकडे ओढून घेतला.

"हाक तू मारलीस ना, झालं," हेमा म्हणाली. "चहा मीच नेणार."